ओल्या टर्फवरचा पहिला टच

बहुतेक वर्षी ऑक्टोबरात मलेशियातल्या जोहोर बहरूला एकवीस वर्षांखालच्या पोरांची हॉकी भरते. सुलतान ऑफ जोहोर कप. २०११ साली सुरू झाली आणि कोरोनाची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं सोडली तर चुकलेली नाही. कोल्हापुरात तिची खबर फारशी कुणाला नसते. पेठेतल्या कट्ट्यावर विचारा, पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या फुटबॉल सामन्यात गोल कितव्या मिनिटाला झाला ते सांगतील. जोहोरचं नाव काढलं तर ‘हे आणि काय नवीन?’ असं तोंडाकडं बघतील. फुटबॉलच्या गावात हॉकीची अशीच गत असायची, त्यात राग धरण्यासारखं काही नाही. पण ज्या घरातला पोरगा हातात स्टिक घेऊन मेजर ध्यानचंद स्टेडियमकडं जातो, त्या घरानं तरी ही स्पर्धा बघावी. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, त्यामुळं तिथला रात्री साडेआठचा सामना आपल्याकडं संध्याकाळी सहाला सुरू होतो. पोरं मैदानावरून घरी यायचीच वेळ.

बघायचं काय, हा खरा प्रश्न. भारत २०१३, २०१४ आणि २०२२ ला जिंकला. २०१८ आणि २०१९ ला लागोपाठ ग्रेट ब्रिटनकडून अंतिम सामना हरला. २०२५ ला ऑस्ट्रेलियानं २-१ नं हरवलं. हे सगळं पेपरात येतं. मात्र निकालावरून फार अंदाज बांधू नयेत. २०१३ ला सप्टेंबरात जोहोर जिंकून आलेला भारत डिसेंबरात दिल्लीच्या ज्युनियर विश्वचषकात दहावा आला. स्पर्धेतून खरं दिसतं ते वेगळंच. चेंडू जोरात अंगावर आला की पोरगा पहिल्या स्पर्शात त्याचं काय करतो, ते बघा. विसाव्या वर्षी दिसणारा हा स्पर्श दहाव्या ते चौदाव्या वर्षात हाताला लागलेला असतो. नंतर शिकवता येत नाही असं नाही, पण नंतर शिकलेला टच दमल्यावर दगा देतो. चौथ्या क्वार्टरमध्ये लक्ष ठेवून बघा, फरक कळेल.

याचं मूळ पाण्यात आहे.

आंतरराष्ट्रीय हॉकीचं मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. बाजूचा मोकळा पट्टा धरला तर टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, सुमारे १०१.४ बाय ६३ मीटर होतो, म्हणजे जवळपास ६,४०० चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाणी पसरायचं तर ६,४०० लिटर लागतात. तीन मिलिमीटर म्हटलं की १९ हजार लिटर, दहा हजारी टँकर असेल तर दोन टँकर. हे पाणी सामन्याआधी कडेच्या तोफांनी उडवतात. तोफ म्हणजे मोठ्या दाबाचा फिरता फवारा. पाण्यावरच्या टर्फचे धागे आखूड आणि दाट असतात, खाली वाळू भरलेली नसते. सुकलं की धागे चेंडूला धरतात, चेंडू उड्या मारतो, घसरून पडणाऱ्याचा गुडघा सोलून निघतो. ओलं असलं की चेंडू जमिनीला चिकटून सरळ आणि सुसाट पळतो. दुपारच्या सामन्यात ऊन लागलं की टर्फ एकसारखं सुकत नाही. सावलीतला कोपरा ओला राहतो, मधला भाग कोरडा होतो. एकच पास अर्ध्या वाटेत वेग बदलतो आणि प्रेक्षकाला वाटतं, पोरानं सोपा चेंडू सोडला. जोहोर विषुववृत्ताजवळ आहे, ऑक्टोबरात दुपारनंतर वीज आणि पाऊस नेहमीचाच. तेव्हा याच्या उलट होतं. पाणी साचलं की चेंडू मध्येच थबकतो, आणि सुसाट पासवर धावलेला फॉरवर्ड चेंडूच्या पुढं निघून जातो.

आता आपल्याकडं या. कोल्हापूरच्या पोराची हॉकी बहुतेक शाळेच्या पटांगणावर, मुरुमावर सुरू होते. जून ते सप्टेंबर पटांगणाचा चिखल. दसऱ्यापर्यंत कडक झालेल्या जमिनीवर खुरांच्या खाचा. मुरुमावर चेंडू सरळ येतच नाही, खड्याला लागून घोट्याच्या उंचीवर उसळतो. त्यामुळं पोरगा काय शिकतो? शरीर चेंडूच्या मागं आणायचं, चेंडू पायाजवळ आणून मेलेला थांबवायचा, मान खाली घालून बघायचं आणि मग ठरवायचं. मुरुमासाठी हे शहाणपणच आहे. उसळणाऱ्या चेंडूला दुसरा इलाज नाही. पण टर्फवर चेंडू पायाजवळ थांबवून ठेवला तर तोपर्यंत समोरचा दोन मीटरवर आलेला असतो. तिथं पहिला टचच पुढची दिशा ठरवतो. स्टिक थोडी मागं घेत वेग खायचा आणि चेंडू पंचेचाळीस अंशात, मोकळ्या बाजूला, पाऊलभर पुढं सोडायचा. थांबवणं आणि वळणं ही दोन कामं एका हालचालीत. मुरुमाच्या पोराला ती दोन वेगळी कामं वाटतात.

कोल्हापूरला हा बदल नवीन नाही. खासबागच्या लाल मातीतला पैलवान मॅटवर उतरला तेव्हा असंच झालं होतं. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना अनोळखी होती, ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य आणलं. मातीत ताकद आणि दम तयार होतो, पण मॅटवर पाय वेगळ्या तऱ्हेनं टाकावे लागतात. हॉकीत देशाला हे फार महागात पडलं. १९७५ ला क्वालालंपूरच्या गवतावर भारत विश्वविजेता झाला, आणि पुढच्याच वर्षी माँट्रिअलच्या कृत्रिम टर्फवर ऑलिंपिकमध्ये सातवा. खेळाडूंचं कसब एका वर्षात आटलं नव्हतं, पायाखालची जमीन बदलली होती.

स्पर्धेची घडणसुद्धा आपल्या पोरांच्या सवयीबाहेरची. जोहोरला बहुतेक वर्षी सहा संघ असतात. २०२३ ला आठ होते आणि दोन गट पाडले होते, तो अपवाद. सहा संघांत प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळतो, म्हणजे पाच सामने, आणि गुणतक्त्यातले पहिले दोन थेट अंतिम सामन्याला. उपांत्य फेरी नाही. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर आधी विजयांची संख्या, मग गोलफरक. आठवड्याभरात सहा सामने, तेही घामानं जर्सी पिळून काढणाऱ्या दमट हवेत.

२०२४ ला भारतानं जपान, ग्रेट ब्रिटन आणि मलेशियाला हरवलं, न्यूझीलंडशी ३-३ बरोबरी केली आणि ऑस्ट्रेलियाकडून ०-४ नं मार खाल्ला. दहा गुण होऊनही गोलफरकावर अंतिम सामना हुकला. ते चार गोल तेवढे मोठे ठरले. ०-२ नं हरणं आणि ०-४ नं हरणं यात गुणांचा फरक शून्य, पण स्पर्धा तिथंच फिरते. आपल्या शालेय स्पर्धा तालुक्यापासून राज्यापर्यंत बाद पद्धतीच्या. हरला की बस पकडून घरी. त्यामुळं ३-० झालं की पोरं हात सैल सोडतात आणि ०-२ झालं की माना टाकतात. बाद फेरीत यानं काही बिघडत नाही, साखळीत दोन्ही महागात पडतं. शेवटच्या पाच मिनिटांत गोलकीपर काढून अकरावा मैदानी खेळाडू आणायचा डाव बाद फेरीत हिमतीचा म्हणून टाळ्या घेतो. साखळीत तोच डाव रिकाम्या गोलात दोन गोल खाऊन संघाला तिसऱ्या नंबरवर बसवू शकतो. प्रशिक्षकानं खिशात गुणतक्ता ठेवूनच तो निर्णय घ्यायचा असतो. शिवाजी पेठेतला मैदानाबाहेरचा प्रशिक्षक (प्रत्येक सामन्याला डझनभर असतात) ओरडत असतो तसं ‘सगळे वर जा’ म्हणून चालत नाही.

गोल होतात कुठून? मैदानी गोल दिसायला देखणे, पण बरोबरीच्या संघांत सामना फिरवतो तो पेनल्टी कॉर्नर, डीत (गोलासमोरच्या आखलेल्या अर्धगोलात) बचावाची चूक झाली की मिळणारा. २०२५ च्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाचा विजयी गोल ५९ व्या मिनिटाला आला, तोही कॉर्नरवरच. म्हणून एक कॉर्नर जवळून बघू.

पंचानं हात दाखवला की घड्याळ थांबतं आणि तयारीला ४० सेकंद मिळतात. बचाव करणारे पाच जण, गोलकीपरसह, गोललाइनच्या मागं. बाकीचे सहा मध्यरेषेपलीकडं. तेवढ्यात बचाववाले चेहऱ्यावर मास्क, गुडघ्याला पॅड, हातमोजा चढवतात. ज्या संघाची ही सामग्री गोलामागं नीट मांडलेली नसते त्याचे वीस सेकंद मास्कचा पट्टा शोधण्यातच जातात, आणि कोण कुठं धावणार हे बोलायचं राहून जातं. चेंडू आत टाकणारा गोलखांबापासून किमान दहा मीटरवर, एक पाय रेषेबाहेर ठेवून उभा. तिथून डीच्या माथ्यावरच्या स्टॉपरपर्यंतचं अंतर साडेएकोणीस मीटरच्या आसपास भरतं. चेंडू डीबाहेर जाऊन आल्याशिवाय गोल धरत नाहीत, म्हणून स्टॉपर रेषेच्या जरा बाहेर उभा. तो स्टिक जवळजवळ आडवी टेकवून चेंडू जागच्या जागी थांबवतो. इथं ‘जवळजवळ थांबला’ चालत नाही. चेंडू वीतभर सरकला तरी फ्लिकरचं, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढत गोलात फेकणाऱ्याचं, पाऊल चुकतं.

ड्रॅग फ्लिकर चार-पाच पावलांची धाव घेतो. शेवटून दुसऱ्या पावलात उजवा पाय डाव्याच्या मागून जातो, मग डावा लांब टाकून चेंडूच्या पुढं रोवला जातो. चेंडू स्टिकच्या दांड्याच्या खालच्या भागात, वळणाच्या वर पकडला जातो, मागून पुढं ओढत आणला जातो आणि डाव्या पायाच्या पुढं सोडला जातो. म्हणून फ्लिकर जास्त बाक असलेली स्टिक वापरतात. नियमानं बाक २५ मिलिमीटरपर्यंतच. चेंडूला वेग मिळतो तो कंबर आधी वळण्यातून, हात मागून येतात. नवशिक्याचं हमखास चुकतं ते एकच. तो हातानं उचकटतो, डावा पाय आखूड टाकतो, आणि चेंडू खांद्याच्या उंचीवरून गोलाबाहेर जातो. फ्लिकला उंचीचं बंधन नाही. पहिला शॉट मारलेला, म्हणजे हिट, असेल तर मात्र तो गोललाइन ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या वर असून चालत नाही, गोलातल्या फळीची तेवढीच उंची. त्या फळीवर ‘ठॅक’ असा आवाज आला की बघणाऱ्याला नियम पाठ नसला तरी निकाल कळतो.

बचावाच्या बाजूला सगळ्यात धाडसाचं काम पहिल्या धावणाऱ्याचं. चेंडू आत टाकला की तो सरळ फ्लिकरवर सुटतो आणि एका बाजूचा रस्ता बंद करतो, दुसरी बाजू गोलकीपर सांभाळतो. कुठली बाजू कुणाची हे आधी ठरलेलं असावं लागतं. दोघं एकाच बाजूला गेले की दुसऱ्या खांबाजवळून चेंडू आत शिरतो. पाच मीटरच्या आत आलेल्या धावणाऱ्याला चेंडू गुडघ्याखाली लागला तर परत कॉर्नर. गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर फ्लिक धोकादायक ठरतो आणि फ्री हिट बचावाला. चेंडू निघण्याआधी रेषा ओलांडली तर त्या खेळाडूला मध्यरेषेपलीकडं जावं लागतं, बदली मिळत नाही, म्हणजे पुढचा कॉर्नर चौघांनी अडवायचा. उतावळ्या पोरांना हे एकदा घडल्यावरच पटतं.

आता जिल्ह्यातल्या शाळांच्या मैदानावरचा एक घोळ, कारण तो थेट या कॉर्नरशी जोडलेला आहे. चुन्यानं डी आखताना बहुतेक ठिकाणी गोलाच्या मध्यावर खुंटी ठोकून १४.६३ मीटरच्या दोरीनं एकच अर्धवर्तुळ काढतात. ते चुकीचं. दोन्ही गोलखांबांपाशी वेगवेगळ्या खुंट्या ठोकायच्या, प्रत्येकीपासून १४.६३ मीटरचं पाव वर्तुळ काढायचं आणि माथ्यावर ३.६६ मीटरची सरळ रेघ जोडायची. गोलाची रुंदीही ३.६६ मीटरच, त्यामुळं ती बरोबर बसते. एकाच खुंटीनं काढलेली डी दोन्ही बाजूंना १.८३ मीटरनं आखडते आणि माथा गोल होतो. आखडलेल्या डीवर वाढलेला पोरगा खऱ्या मैदानावर कडेनं आत शिरला तरी आपण अजून बाहेरच आहोत असं समजून शॉट घेत नाही. दोरी एक, खुंट्या दोन. खर्च काही नाही.

टर्फ नसताना काय शिकवता येतं? पुष्कळ. शाळेचं बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट पाण्यानं भिजवलं की चेंडू ओल्या टर्फच्या जवळपास पळतो. घासून स्टिक झिजते, म्हणून खालच्या बाजूला जाड टेप लावायचा आणि आठवड्याला बदलायचा. दहा मीटरवरून पुश, समोरच्यानं पहिला टच डावीकडं, मग उजवीकडं. जमलं की अंतर सात मीटर. चेंडू चांगला हवा. नियमाचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. स्वस्त हलका चेंडू सिमेंटवर उडतो आणि पोरगा परत मुरुमाच्या सवयीवर जातो. स्टिकच्या लांबीचीही नेहमीची चूक: ‘वाढत्या अंगाचा पोरगा’ म्हणून दोन इंच लांब घेतात, शाळेच्या गणवेशासारखी. लांब स्टिकनं पोरगा ताठ उभा राहतो आणि ताठ उभ्या पोराचा टच कधीच मऊ होत नाही. उभं राहिल्यावर स्टिकचं टोक कमरेच्या हाडाशी यावं, त्यापेक्षा वर नको. आणि टर्फवर जायचं असेल तर फुटबॉलचे स्टड घालून जाऊ नये. बारीक रबरी दाण्यांचे बूट लागतात, नाहीतर दारातूनच परत पाठवतात, आणि पाठवावंच.

राहिला शूटआउट. बाद सामना बरोबरीत सुटला की यावरच निकाल. २०२२ चा अंतिम सामना १-१ राहिला आणि भारतानं ऑस्ट्रेलियाला शूटआउटमध्ये ५-४ नं हरवलं. २०२४ ला भारताचा माजी गोलकीपर श्रीजेश प्रशिक्षक म्हणून पहिल्यांदाच संघ घेऊन गेला, आणि त्याच्या संघानं कांस्य न्यूझीलंडविरुद्ध शूटआउटमध्ये मिळवलं, गोलकीपर बिक्रमजीतच्या जोरावर. देशाच्या सगळ्यात मोठ्या गोलकीपरच्या हाताखालच्या संघाला गोलकीपरनंच तारलं. हा योगायोग आहे असं हॉकीवाला माणूस म्हणणार नाही.

शूटआउटला २३ मीटरच्या रेषेवर चेंडू, गोललाइनवर गोलकीपर, शिट्टी, आणि आठ सेकंद. प्रत्येकी पाच जण. आपली पोरं पहिल्या तीन सेकंदांत सुसाट पळत सरळ गोलकीपरच्या पॅडवर जाऊन आदळतात. गोलकीपरला हेच हवं असतं. तो सात-आठ मीटर पुढं आलेला असतो, कोन बंद झालेला असतो. चांगला खेळाडू पहिले तीन सेकंद मध्यम वेगानं जातो, एका बाजूला झुकतो, गोलकीपरला हलायला लावतो. चौथ्या-पाचव्या सेकंदाला चेंडू रिव्हर्सवर (उलट्या स्टिकवर) घेऊन दुसऱ्या बाजूला काढतो. गोलकीपर जमिनीवर पडला की त्याच्यावरून उचलून टाकायला दीड-दोन सेकंद उरतात. उलट गोलकीपरनं शक्य तितका वेळ पायावर राहायचं आणि मनात आठ मोजायचे. त्यानं नकळत पाडलं तर शूटआउट पुन्हा घेतात, मुद्दाम पाडलं तर पेनल्टी स्ट्रोक.

हे शिकायला टर्फ लागत नाही, मुरुमावरही जमतं. सरावाच्या शेवटी, पोरं दमलेली असतानाच, रोज प्रत्येकाला एक. मोबाइलवर आठ सेकंदांचा टायमर लावायचा आणि कोण कुठल्या सेकंदाला अडकला ते वहीत लिहायचं. पंधरा दिवसांनी वही उघडली की बहुतेकांचा आकडा तीनच्या आसपास सापडतो. त्या पोरांना दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या वेगानं पळायला लावायचं. ती कुरकुरतील, चालू द्यावं.